जुनी लेथ आणायची तर

खामगाव, मलकापूर किंवा चिखलीच्या एमआयडीसीत नवं वर्कशॉप टाकणारा तरुण बहुधा जुन्या मशीनपासून सुरुवात करतो. भोसरीत एखादा कारखाना सीएनसीकडे वळलेला असतो, राजकोटला जुन्या मशिनरीचे व्यापारी आहेतच, आणि एचएमटीची किंवा किर्लोस्करची बऱ्या अवस्थेतली लेथ नव्याच्या मानाने फार कमी पैशांत मिळते. यात गैर काहीच नाही. त्या काळचं ओतकाम आजच्या कित्येक स्वस्त मशीनपेक्षा सरस आहे. पण व्यवहार करताना हाच माणूस बेडची झीज बोटाने चाचपून बघतो, स्पिंडलचा आवाज कान लावून ऐकतो, पाच हजारांसाठी दुपारभर घासाघीस करतो, आणि वाहतुकीचा विषय निघाला की ‘ट्रकवाला बघेल’ म्हणून मोकळा होतो. माझं मत असं, की लेथ धड पोचणार की नाही हे रस्त्यावर ठरत नाही. ते विकणाऱ्याच्या शेडमध्ये, ती जमिनीवरून उचलली जाते तेव्हाच ठरतं. आणि तिथे आपला माणूस हजर नसेल तर ते दुसरं कुणीतरी ठरवतं, ज्याचे पैसे आधीच मिळालेले असतात.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, ‘अहो, दोन टनांचं धूड आहे, तीस वर्षं चाललंय, त्याला काय होतंय?’ वजन म्हणजे मजबुती हा समज इथेच दगा देतो. लेथचा सांगाडा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा असतो. बीड दाब भरपूर सोसतं, ताण मात्र त्याच्या कितीतरी कमी सोसतं. पोलाद आधी वाकतं, बीड थेट तुटतं. चालू मशीनवर सगळा भार खाली पायाकडे जातो, म्हणून ती तीस वर्षं चालली. उचलताना आणि हिंदकळताना तोच भार हँडलच्या चाकावर, गिअर बॉक्सच्या झाकणावर, टेलस्टॉकच्या कानावर येतो, आणि हे भाग त्यासाठी घडवलेलेच नसतात. दिसणारी मोडतोड तरी परवडली. न दिसणारी जास्त महाग पडते. लीड स्क्रूला साखळी घासून तो किंचित वाकला, तर मशीन फिरेल, पण आटे बरोबर पडणार नाहीत. स्पिंडल स्थिर असताना शेकडो किलोमीटर हादरे बसले, तर बेअरिंगच्या कड्यांवर बारीक खड्डे पडतात. पंचवीस-तीस किलोंचा चक तसाच लटकत ठेवला तर त्यात भरच पडते. हा दोष कळतो तो पहिल्या फिनिशिंग कटला, आणि तोवर विकणारा फोन उचलेनासा झालेला असतो.

तेव्हा काम असं व्हावं. चक उतरवून वेगळ्या पेटीत. गिअर बॉक्समधलं तेल काढलेलं. बेडवर आणि उघड्या घासलेल्या भागांवर ग्रीसचा जाड थर, वर मेणकागद. नुसती ताडपत्री गुंडाळली तर पावसाळ्यात आतल्या आत घाम धरून गंज चढतो. लेथचं बरंचसं वजन हेडस्टॉककडे असतं, म्हणून सॅडल आणि टेलस्टॉक उलट्या टोकाकडे सरकवून तोल साधायचा आणि दोन्ही लॉक करायचे. उचलायला रुंद कापडी पट्टे, तेही बेडच्या ढाच्याखालून. लीड स्क्रूला किंवा फीड रॉडला पट्टा शिवता कामा नये, मध्ये लाकडाचे ठोकळे द्यायचे. खाली दोन जाड लाकडी स्लीपर, आणि पायांच्या भोकांतून बोल्ट घालून मशीन त्यांवर आवळलेली. ट्रकच्या पत्र्यावर लोखंड थेट ठेवलं की ते घसरतं; लाकडाखाली रबराची मॅट घातली की पकड कितीतरी वाढते. आणि हे सगळं आवरण्याआधी, दिवसाउजेडी, चारही बाजूंनी फोटो.

बांधणी किती मजबूत हवी याचाही हिशेब आहे. युरोपातल्या माल बांधण्याच्या मानकात पुढच्या दिशेला वजनाच्या आठ दशांश आणि बाजूंना निम्मा जोर धरतात. म्हणजे दोन टनांच्या लेथला जोरात ब्रेक लागल्यावर पुढे सुमारे सोळाशे किलोंचा रेटा. राजकोटहून सुरत-धुळेमार्गे येणारा महामार्ग मलकापूर ते खामगाव घाटाखालचाच. पण माल बुलढाण्याला न्यायचा तर मोताळ्यापुढे राजूरचा घाट आहे. पुण्याकडून जालना-चिखलीमार्गे आलेली गाडी खामगावला जाताना घाट उतरते. सुती दोर इथे कामाचा नाही. रॅचेटचे पट्टे हवेत, तिरके आणि चारही कोपऱ्यांना.

खर्चाचा आक्षेप खरा आहे. दोन लाखांच्या लेथला लाकडाची पूर्ण पेटी करणं कुणालाच परवडणार नाही, आणि तिची गरजही नाही. स्लीपर, बोल्ट, पट्टे आणि एका फिटरचा दिवस, एवढाच हा खर्च. ‘विमा आहे की’ हे मात्र मला पटत नाही. वाहतुकीच्या विम्यात अपुऱ्या पॅकिंगमुळे झालेलं नुकसान सरळ वगळलेलं असतं. शिवाय जुन्या मशिनरीसाठी बहुधा वेगळं कलम लागतं: विमा दोन लाखांचा आणि तशीच नवी मशीन आठ लाखांची असेल, तर चाळीस हजारांच्या भागाचे दहाच हजार हाती येतात. वाहतूकदाराकडून भरपाई मागावी, तर 2007 च्या रस्ते वाहतूक कायद्याखालच्या 2011 च्या नियमांनी त्याची जबाबदारी साधारणपणे भाड्याच्या दहापटीपर्यंतच ठेवली आहे. जास्त हवी असेल तर बुकिंगच्या वेळीच किंमत जाहीर करून जादा दर भरावा लागतो. ओळखीच्या टेम्पोत बिल्टीशिवाय माल आणणाऱ्याकडे तर दाखवायला कागदच नसतो.

उतरवण्याचं शेवटी, पण दुर्लक्ष इथेच जास्त. भोसरीत हायड्रा क्रेन सहज मिळते. तालुक्याच्या गावी पटकन येते ती जेसीबी, आणि तिच्या बकेटच्या दातांना साखळी अडकवून लेथ उचलायचा मोह होतो. बकेट माती उपसण्यासाठी आहे. हायड्रा दुसऱ्या दिवशी येणार असेल तर गाडीचा थांबून राहण्याचा आकार भरावा, तो स्वस्त पडतो. बिल्टीवर सही करण्याआधी मशीन उघडून बघावी आणि तुटफूट दिसली तर तिथेच शेरा लिहावा; कायद्याने लेखी नोटीस द्यायची मुदत 180 दिवसांची आहे, आणि ती माल पोचल्यापासून नव्हे, बुकिंगच्या तारखेपासून मोजतात. मग मीटरला 0.02 मिलिमीटर दाखवणाऱ्या लेव्हलने बेड सरळ करून, तेल भरून, स्पिंडल आधी हाताने फिरवून बघावा. वायरमनला त्यानंतर बोलवावं.