माझं दूध बाळाला पुरतंय का?

प्रश्न : माहेर धुळ्याचं, राहते सुरतला लिंबायतमध्ये. बाळ बारा दिवसांचं. सासूबाई मध चाटवा म्हणतात, गुजराती मावशी गळथूथी (घुटी), ओडिया वहिनी वरचं दूध. माझं दूध कमी पडतंय का?

उत्तर : ताई, इतक्या सल्ल्यांनी कुणाही आईचा धीर खचेल. रडणं म्हणजे भूकच असं नाही. दिवसात सहा-सात वेळा लघवी होतेय? दोन आठवड्यांत जन्माचं वजन भरून निघतंय? मग दूध पुरतंय. पाजताना नुसतं बोंड नको, भोवतालचा काळा भागही बाळाच्या तोंडात जाऊ द्या. हनुवटी स्तनाला टेकलेली हवी. सहा महिने पाणीसुद्धा नको. मध तर वर्षभर नकोच, बोटुलिझम या गंभीर आजाराचा धोका असतो. सासूबाईंना हे जरूर सांगा. लघवी कमी वाटली किंवा बाळ सुस्त दिसलं तर त्याच दिवशी स्मीमेर रुग्णालयाच्या बालरोग विभागात दाखवा.