बर्लिनला जाताय? मग हे वाचा!

मित्रांनो, एमएससाठी जर्मनीला जाणाऱ्यांनी बर्लिनचे रीतिरिवाज आधीच माहीत करून घ्यावेत, असं मला वाटतं. तिथल्या मेट्रो स्टेशनवर गेटच नसतं. सगळा कारभार विश्वासावर. पण कागदी तिकीट प्लॅटफॉर्मवरच्या मशिनमध्ये स्टॅम्प केलं नाही आणि तपासनीस आला, की ६० युरो दंड! रस्ता रिकामा असला तरी लाल सिग्नलला थांबायचं. शेजारी लहान मुलं असतील तर नक्कीच. रात्री १० नंतर गोंगाट बंद (होस्टेलवासीयांनो, ऐकताय ना?). रविवारी बहुतेक दुकानं बंद, म्हणून दूध-ब्रेड शनिवारीच आणायचा. आणि अनोळखी मोठ्यांना 'दू' नव्हे, 'झी' म्हणायचं. कॉन्व्हेंटमध्ये सगळ्यांनाच 'यू' म्हणत वाढलेल्या मला हा फरक कळला तो आपल्या 'तू' आणि 'तुम्ही'मुळेच!