मुरुमे, उन्हाळा आणि आजीचे लिंबू



अश्दोदचा दमट उन्हाळा सुरू झाला की नातवंडांच्या चेहऱ्यावर मुरुमे वाढतात आणि आपण आज्या घरगुती उपाय घेऊन पुढे सरसावतो. मीही सरसावले होते. इतकी वर्षे नर्सची नोकरी करूनही नातीच्या गालाला लिंबाचा रस चोळला आणि ती तशीच समुद्रावर गेली. दोन दिवसांत गाल लालभडक होऊन फोड आले. मागे राहिलेले काळे डाग जायला तीन महिने लागले. लिंबाचा रस लावून उन्हात गेले की कातडी भाजू शकते. हे मला आठवायला हवे होते. नात मला काही बोलली नाही, पण बाहेर जाताना केस गालावर ओढून घ्यायची.

मुरुमे अस्वच्छतेमुळे येत नाहीत. वयात येताना त्वचेतील ग्रंथी जास्त तेल तयार करतात. ते तेल आणि मृत पेशी मिळून छिद्रे बुजतात, आत जंतू वाढतात व सूज येते. उन्हाळ्यात घामाची भर पडते.

काय करावे?

1. सकाळी, रात्री व खूप घाम आल्यावर सौम्य क्लीन्झर आणि कोमट पाण्याने चेहरा धुवावा. घासू नये, टॉवेलने टिपावा.

2. चेहऱ्याला खोबरेल तेल लावू नये. कोकणात आपल्याला 'शनिवार तेली' म्हणत, तेव्हा तेलावर आपले प्रेम असणारच! पण त्याने छिद्रे बुजतात. डोक्याचे तेलही कपाळावर उतरू देऊ नये.

3. उन्हात टोपी घालावी आणि एसपीएफ 30 किंवा जास्त असलेले, तेलविरहित सनस्क्रीन लावावे. मुरुमांच्या काही औषधांनी त्वचा उन्हाला लवकर भाजते.

4. मुरूम फोडू नये. टूथपेस्ट नको, मुंबईहून कोणी आणलेले गोरे करणारे मलमही नको. त्यात स्टिरॉइड असेल तर मुरुमे वाढतात.

5. डॉक्टरांच्या औषधाला 6 ते 8 आठवडे द्यावेत.

दुखऱ्या गाठी येत असतील, खड्डे पडत असतील किंवा मूल लोकांत जायचे टाळत असेल, तर कुपत होलीममध्ये त्वचेच्या डॉक्टरांना दाखवावे.

शेवटी आपल्यासाठी. नाकावर किंवा कानावर आलेली पुटकुळी महिनाभरात बरी झाली नाही किंवा तिच्यातून रक्त आले, तर तिला मुरूम समजून बसू नका. उन्हामुळे होणारा त्वचेचा कर्करोग असाही दिसू शकतो. वेळेवर दाखवलात तर बहुधा पूर्ण बरा होतो.