स्वावलंबनास विलंब कां होतो?

मुलगा मोठा झाला असें केव्हां म्हणावें? आमच्या समाजांत या प्रश्नाचें उत्तर साधारणपणें असें देण्यांत येई: ज्याचें शिक्षण संपलें, जो स्वतःच्या कमाईवर जेवूं लागला, ज्याचें लग्न झालें आणि ज्यानें आपलें बिऱ्हाड मांडलें, तो मोठा झाला. या चार पायऱ्या पूर्वी विशीच्या आगेंमागें चढून होत. आतां तिशी उजाडली तरी एखाददुसरी शिल्लक राहते. पालकांस चिंता वाटते आणि ती बहुधा एकाच वाक्यांतून बाहेर पडते, "तुझ्या वयाचा असतांना मी घर चालवीत होतों." मुलगा मान खालीं घालतो आणि विषय तेथेंच संपतो. परंतु हा विलंब कां होतो आणि त्यांत दोष कोणाचा, याचा शांतपणें विचार करणें पालक व विद्यार्थी या दोघांसही हितकर आहे.

प्रथम जुन्या काळाकडे पाहूं. महर्षि धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८५८ सालीं झाला. पंधराव्या वर्षाच्या सुमारास त्यांचा विवाह झाला. १८७५ सालीं, म्हणजे सतराव्या वर्षीं, एका सरकारी परीक्षेस बसण्याकरितां ते कोंकणांतील मुरूड गांवाहून साताऱ्यापर्यंत सुमारें ११० मैल पायीं चालत गेले. परंतु ते वयानें लहान दिसतात, या कारणावरून त्यांस परीक्षेस बसूं देण्यांत आलें नाहीं. जो मुलगा नवरा होण्यास योग्य ठरला होता, तोच परीक्षकांपुढें लहान ठरला! पुढें मुंबईस रॉबर्ट मनी या मिशनच्या शाळेंत शिकून १८८१ सालीं ते मॅट्रिक झाले आणि शिकवण्या करीत करीत १८८४ सालीं बी. ए. झाले. तेव्हां त्यांचें वय सव्वीस वर्षांचें होतें.

यावरून दोन गोष्टी ध्यानांत येतात. पहिली ही, कीं लौकर लग्न होणें म्हणजे लौकर स्वतंत्र होणें नव्हे. एकत्र कुटुंबांत पंचविशीच्या विवाहित पुरुषाच्या हातींही पैशाची चावी नसे. ती वडिलांच्या किंवा थोरल्या भावाच्या कनवटीस असे. त्या काळीं जबाबदारी लौकर येई आणि अधिकार उशिरा मिळे. दुसरी ही, कीं ज्यास विद्येचा मार्ग धरावयाचा, त्यास तेव्हांही पुष्कळ वर्षें लागत. मात्र तीं वर्षें रिकामीं नसत.

आतां विलंबाचीं कारणें क्रमानें पाहूं.

पहिलें कारण कायद्याचें आहे, आणि तें आनंदाचें आहे. १९२९ च्या शारदा कायद्यानें लग्नाची किमान वयोमर्यादा मुलीस १४ व मुलास १८ वर्षें अशी ठरली. १९७८ सालीं ती अनुक्रमें १८ व २१ करण्यांत आली. बालविवाहानें ज्या मुलींचें शिक्षण आणि आरोग्य हिरावून घेतलें, त्यांचें स्मरण ठेवणारा कोणीही या विलंबास दोष देणार नाहीं.

दुसरें कारण शिक्षणाचें. एके काळीं सातवीची व्हर्नाक्युलर फायनल उत्तीर्ण झालेला मुलगा प्राथमिक शिक्षक होऊं शके. आज त्याच कामासाठीं बारावी, त्यानंतर दोन वर्षांची पदविका आणि शिवाय पात्रता परीक्षा लागते. वैद्य, अभियंता, वकील यांची गोष्ट तर याहून लांबची. ज्ञान वाढलें तसा तें मिळविण्याचा काळही वाढला.

तिसरें कारण कामधंद्याचें, आणि सर्वांत विचार करण्यासारखें. मुंबईच्या कापडाच्या गिरण्यांचें उदाहरण घ्या. कोंकणांतला किंवा घाटावरचा अठरा-वीस वर्षांचा मुलगा मामाच्या किंवा काकाच्या ओळखीनें मुंबईस येई. जॉबर त्यास बदली कामगार म्हणून उभा करी. गांवच्या मंडळींबरोबर तो एका खोलींत राही, खानावळींत जेवी आणि गांवीं मनिऑर्डर पाठवी. काम कष्टाचें होतें, बदलीवाल्यास तें रोज मिळेलच असेंही नव्हतें. परंतु शाळा सुटल्यावर थोड्याच दिवसांत तो कमावता होई. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपांत सुमारें अडीच लाख कामगार होते. त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या आणि ती वाट मोडली. इकडे वाटण्या होत होत शेताचे तुकडेही लहान झाले.

मग तरुणांची दृष्टि सरकारी परीक्षांकडे वळली यांत नवल काय? पुण्याच्या सदाशिव व नारायण पेठांतील अभ्यासिका पाहाव्या. पहाटेपासून रात्रीपर्यंत तेथें मुलें-मुली पुस्तकांवर मान घालून बसलेलीं असतात. राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षेंत पूर्व परीक्षा, मुख्य परीक्षा व मुलाखत अशा तीन पायऱ्या आहेत. जागा शेंकड्यांनीं आणि अर्ज लाखांनीं. २०१६ सालीं शासनानें खुल्या वर्गाची वयोमर्यादा ३३ वरून ३८ वर्षें केली. १८७५ सालीं सतरा वर्षांच्या मुलास लहान म्हणून परत पाठविणारें परीक्षेचें दार आतां अडतिसाव्या वर्षापर्यंत उघडें असतें. आणि तें उघडें असतें म्हणूनच कित्येकांना त्यासमोरून उठवत नाहीं. अशा तरुणास आळशी म्हणणें हा अन्याय आहे. तो श्रम करतो. त्याच्या श्रमास फळ केव्हां येईल हें मात्र त्याच्या हातीं नाहीं.

चौथें कारण घराचें. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यानें भाडेकरूस संरक्षण मिळालें. परंतु जुनीं भाडीं गोठल्यामुळें भाड्यानें देण्यासाठीं नव्या चाळी बांधण्याचा मालकांचा उत्साह मावळला आणि पागडी वाढत गेली. एका खोलींत मध्यें पडदा लावून संसार मांडणारीं जोडपीं मुंबईनें पुष्कळ पाहिलीं आहेत. निराळें बिऱ्हाड न करणें हा नेहमींच मनाचा दुबळेपणा नसतो.

ही स्थिति केवळ आमचीच आहे असेंही नाहीं. अमेरिकेंत १९५० च्या सुमारास पुरुष साधारणपणें तेविसाव्या वर्षाच्या आसपास लग्न करीत. आतां तें वय तिशीच्या घरांत गेलें आहे. जेफ्री आर्नेट या मानसशास्त्रज्ञानें २००० सालीं असें प्रतिपादन केलें, कीं कुमारवय व प्रौढपण यांच्यामध्यें आयुष्याची एक नवीनच अवस्था उत्पन्न झाली आहे. हें मत सर्वांस मान्य नाहीं. कारण ज्याच्या घरीं खावयास आहे त्यालाच ही अवस्था परवडते, गरिबाच्या मुलास ती मिळत नाहीं, असा त्यावर आक्षेप आहे. तो विचारांत घेण्याजोगा आहे.

येथें पालकांस एक गोष्ट स्पष्टपणें सांगितली पाहिजे. पुष्कळ घरांत मुलाच्या अभ्यासासाठीं शेताचा तुकडा गहाण पडतो, पण त्याच घरांतील मुलीस पदवी मिळतांच स्थळें पाहिलीं जातात. थांबण्याची सवलत एकास आणि घाई दुसरीस, हा न्याय नव्हे.

तर मग करावें काय? विलंब सर्वस्वीं टाळतां येणार नाहीं. तो रिकामा जाऊं न देणें आपल्या हातीं आहे. प्रभु येशूनें आपल्या कार्यास आरंभ केला तेव्हां तो सुमारें तीस वर्षांचा होता असें लूक सांगतो; आणि नासरेथच्या लोकांनीं त्यास सुतार म्हणून ओळखलें असें मार्क सांगतो. तीं तीस वर्षें वाट पाहण्याचीं होतीं, पण हात रिकामे नव्हते. पंडिता रमाबाईंनीं केडगांवच्या मुक्तिसदनांत हेंच तत्त्व आचरिलें. तेथें आश्रयास आलेल्या स्त्रिया व मुली अक्षरओळखीबरोबर विणकाम, छापखान्याचें काम व शेती शिकत.

पालकहो, मूल सोळा वर्षांचें झालें कीं घरखर्चाची वही एक महिना त्याच्या हातीं द्या. तलाठ्याकडून सात-बाराचा उतारा आणणें, बँकेचें काम, आजोबांस दवाखान्यांत नेणें, हीं कामें त्याच्यावर सोंपवा. चुकलें तर पुनः करूं द्या. स्पर्धापरीक्षेस पाठवावयाचें असेल तर किती वर्षें व किती रुपये हें आरंभींच एकत्र बसून ठरवा आणि लिहून ठेवा. आणि ती मुदत संपल्यावर मूल रिकाम्या हातानें परत आलें तर त्यास दार उघडें ठेवा. विद्यार्थीहो, तुम्हीही लक्षांत ठेवा. आईवडिलांनीं मोबाईल घेऊन दिला, फिरावयास पैसे दिले, एवढ्यानें तुम्ही स्वतंत्र होत नाहीं. आपलें ताट आपण घासणें, आपला शब्द पाळणें, थोडें कां होईना कमावून घरीं देणें, यांस कोणत्याही परीक्षेच्या निकालाची वाट पाहावी लागत नाहीं.

नोकरी, लग्न आणि घर हीं केव्हां मिळतील हें पुष्कळ अंशीं काळावर अवलंबून आहे. दुसऱ्याचा भार हलका करणारें माणूस होणें मात्र आजपासूनच शक्य आहे.