पचन शेगडीवरच सुरू होतं

नोकरी लागली, खोली घेतलीस, आता गॅस आणि कुकरही आणलास, हे बरं केलंस. मेसचा डबा किती दिवस खाणार? पण परवा फोनवर म्हणालास, "आजी, पाच शिट्ट्या देतो तरी डाळीचा दाणा राहतोच," तेव्हा ठरवलं की याला एकदा नीट बसवून सांगायला हवं. वहन, अभिसरण, प्रारण ही उष्णतेच्या प्रवासाची तीन नावं मी आठवीच्या पोरांकडून घोकून घेण्यात हयात घालवली. सगळ्यांनी व्याख्या लिहिल्या, मार्क घेतले आणि नावं वहीतच ठेवली. त्यात तूही आलास. ती तिन्ही तुझ्या शेगडीवर रोज दोन वेळा चालू असतात, बघितलं तर दिसतात.

स्वयंपाक आपण चवीसाठी करतो हे खरंच, पण त्याहून आधी तो पोटासाठी असतो. कच्च्या तांदळातला स्टार्च बारीक कणांत घट्ट बांधलेला असतो. पाणी आणि उष्णता मिळाली की ते कण फुगतात, सैल होतात, आणि मग लाळेतल्या व स्वादुपिंडातल्या विकरांना आत शिरता येतं. डाळीतल्या प्रथिनांचंही तसंच, गुंडाळी उलगडल्याशिवाय जठरातल्या पेप्सिनचा नीट हात पोचत नाही. म्हणजे पचनाचं पहिलं काम तू गॅसवर उरकतोस. तिथे अर्धवट सोडलंस तर उरलेलं पोटावर पडतं, आणि पोट रात्री बारा वाजता तक्रार करतं.

आता तुझी डाळ. शिट्टी म्हणजे वेळ नव्हे, हे आधी डोक्यात घाल. मोठ्या जाळावर पाच शिट्ट्या बघता बघता होतात, बारीक जाळावर त्यालाच तिप्पट वेळ लागतो. शिट्ट्या तेवढ्याच, पण डाळ एकीकडे कच्ची आणि एकीकडे मेण. डाळीला ठरावीक उष्णता ठरावीक वेळ हवी असते. उघड्या पातेल्यात पाणी उकळायला लागलं की त्याचं तापमान तिथेच थांबतं. समुद्रकाठी १०० अंश, तुझ्या पुण्यात ९८च्या आसपास, महाबळेश्वरला ९५-९६. खाली कितीही जाळ कर, पाणी जास्त जोरात उसळेल आणि लवकर आटेल, जास्त तापणार नाही. कुकरमध्ये वाफ कोंडली जाते, दाब वाढतो आणि पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत जातं. पण शिट्टीच्या वजनाचंही एक माप असतं. तेवढा दाब झाला की ते उचललं जातं आणि जादा वाफ बाहेर. त्यापुढे मोठा ठेवलेला गॅस आवाज करायला जातो, डाळीला त्यातलं काही मिळत नाही. म्हणून पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक कर आणि घड्याळाकडे बघ. अर्धा तास भिजवलेल्या तूरडाळीला बारीक गॅसवर दहा-बारा मिनिटं पुरतात. मग बंद कर आणि वाफ आपोआप जिरू दे, त्या वेळातही आत शिजणं चालूच असतं.

असलं भांडं पहिल्यांदा केलं डेनिस पापिन नावाच्या फ्रेंच माणसाने, १६७९ साली. हाडंसुद्धा त्यात मऊ होत. आणि ते फुटू नये म्हणून दाब सोडणारी झडपही त्यानेच बसवली. तीनशे वर्षांहून जुनी अक्कल आहे ती, तिची कदर कर: कुकर लावण्याआधी शिट्टी काढून खालची नळी उजेडाकडे धरून आरपार बघ. डाळीला फेस येतो, तो नळीत जाऊन अडकतो. म्हणून डाळ आणि पाणी मिळून कुकर निम्म्यावर भरू नको, आणि थेंबभर तेल घाल.

तरीही डाळ शिजत नसेल तर पाणी तपास. टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी असेल तर त्यातलं कॅल्शियम डाळीच्या दाण्याला घट्ट धरून ठेवतं. शिजवण्यापुरतं पिण्याचं पाणी घे. आणि आमसूल, चिंच, टोमॅटो काय घालायचं ते डाळ पूर्ण शिजल्यावर. आंबट आधी पडलं की दाणा मऊ व्हायचं नाव घेत नाही. तुझ्या खोलीतला तो दुसरा मुलगा सोडा घालायला सांगेल. सोड्याने डाळ मेणासारखी होते, खोटं नाही, पण तिच्यातलं ब१ जीवनसत्त्व त्यात जातं. भिजवायचा कंटाळा म्हणून जीवनसत्त्व घालवायचं, हा कुठला व्यवहार?

राजमा मात्र रात्रभर भिजवल्याशिवाय करायचाच नाही. भिजवलेलं पाणी फेकून दे आणि कुकरमध्येच पूर्ण शिजव. कच्च्या राजम्यात एक विषारी प्रथिन असतं. ते चांगल्या उकळीनेच मोडतं, आणि अर्धवट शिजलेला राजमा खाल्ला की उलट्या होतात. हे मसाल्याने झाकलं जात नाही.

आता वाफेचं सांगते, हे मात्र नीट ऐक. उकळत्या पाण्यापेक्षा वाफ जास्त भाजते, तापमान सारखं असलं तरी. एक ग्रॅम उकळतं पाणी अंगावर पडून अंगाइतकं निवलं तर साधारण ६३ कॅलरी उष्णता देतं. एक ग्रॅम वाफ कातडीवर पडली की आधी तिचं पाणी होतं, त्यात ५४० कॅलरी सुटतात, आणि मग वरचे ६३. म्हणजे जवळजवळ दहापट. बाष्पनाचा अप्रकट उष्मा म्हणून तू जे पाठ केलं होतंस, ते हेच. तेव्हा झाकण उघडताना ते आपल्याकडून पलीकडे कलतं कर, तोंड वर नेऊ नको, आणि दाब उतरला नसेल तर शिट्टी चमच्याने उचलायची मर्दुमकी दाखवू नको. भाजलंच तर नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं हात धर. वीस म्हणजे वीस, दोन नव्हेत. कातडीच्या आत शिरलेली उष्णता बाहेर यायला तेवढा वेळ लागतो. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळदही नको. फोड मोठे आले तर डॉक्टरकडे जा.

भांडी घेताना तू चकाकी बघून घेतलीस, हे फोटोवरूनच दिसलं. स्टेनलेस स्टील धुवायला सोपं, पण उष्णता वाहून न्यायला मंद. अॅल्युमिनियम त्याच्या साधारण पंधरा पट वेगाने नेतं, तांबं पंचवीस पट. म्हणून पातळ स्टीलच्या पातेल्यात बरोबर जाळावर दूध लागतं आणि कडेला कोमट राहतं. जाड तळाचं एक पातेलं घे, एवढं पुरे. दूध तापवण्याआधी पातेल्यात थोडं पाणी फिरवून ते तसंच ओलं ठेव. ज्वाळा भांड्याच्या तळाबाहेर येऊ देऊ नको. चांगल्या शेगडीतसुद्धा जवळपास तिसरा हिस्सा उष्णता खोलीतच जाते, बाहेर आलेल्या ज्वाळेची तर सगळीच. आणि झाकण ठेव. उघड्या पातेल्यातून जी वाफ जाते ती प्रत्येक ग्रॅममागे तीच ५४० कॅलरी घेऊन जाते, बिल तू भरतोस.

लोखंडी तवा आणि छोटी कढई मी पाठवते आहे. लोखंडात फोडणी दे, भाजी कर, अंगाला थोडं लोह मिळतं. पण आंबट पदार्थ त्यात रात्रभर ठेवू नको, काळा पडतो आणि चवही बिघडते.

भाकरी तुला येणार नाही असं तुझी आई म्हणते. का येणार नाही? ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नसतं, म्हणून तिला धरून ठेवणारं काही नाही. ताजं दळलेलं असेल तर कोमट पाण्यात आणि तळहाताने भरपूर मळून जमतं. पीठ विरी गेलेलं असेल तर उकळतं पाणी घाल. त्यातला स्टार्च थोडा शिजून चिकट होतो आणि तोच भाकरीला बांधतो. थापून तव्यावर टाकलीस की वरच्या अंगाला पाण्याचा हात फिरव, नाहीतर ती बाजू कोरडी होऊन तडे जातात. पाणी पुरतं सुकायच्या आत उलट. तव्यावर उष्णता वहनाने येते, नंतर विस्तवावर धरलीस की गरम हवा आणि प्रारण दोन्ही तिच्यावर येतात, आतल्या पाण्याची वाफ होते. पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे-सतराशे पट जागा मागते, म्हणून भाकरी फुगते. भोक पडलं तर फुगणार नाही, पण खायला काही बिघडत नाही. तुझे आजोबा फुगलेली भाकरीच ताटात घेत. त्यांना कोणी थापायला लावलं नव्हतं.

भात उरतो, सगळ्यांचाच उरतो. त्यात एक जिवाणू असतो, बॅसिलस सेरियस. शिजवल्यावर तो मरतो पण त्याचे बीजाणू मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते उगवतात आणि विष तयार करतात, आणि त्यातलं एक विष पुन्हा तापवूनही जात नाही. म्हणजे सकाळी कडकडीत फोडणी दिली म्हणून रात्रभर ओट्यावर राहिलेला भात निर्धोक होत नाही. आमच्या लहानपणी तो झाकून ओट्यावरच असे, मान्य. तेव्हा पोटं बिघडतही असत आणि नाव खाल्लेल्या आंब्यावर जाई. तू काय कर, उरलेला भात ताटात पसर. पातेल्याच्या मध्यातली उष्णता तासन्तास आत अडकून राहते, पसरला की पंधरा मिनिटांत निवतो. मग डब्यात भरून फ्रिजमध्ये. दोन तासांच्या आत.

माझं माहेर कुडाळकडचं, त्यामुळे उकड्या तांदळाची पेज मी सोडलेली नाही, साताऱ्यात इतकी वर्षं काढूनही. उकड्या तांदळासाठी साळ टरफलासकट आधी भिजवून वाफवतात. त्या उष्णतेत कोंड्यातलं ब१ दाण्याच्या आत शिरतं आणि मग भरडताना सगळं निघून जात नाही. जावामध्ये ख्रिस्तिआन आइकमान नावाच्या डच डॉक्टरने पाहिलं की कोंडा काढलेला पांढरा तांदूळ खाणाऱ्या कोंबड्या लुळ्या पडतात, आणि कोंड्यासकट तांदूळ दिला की उठतात. बेरीबेरीचं मूळ त्यातून सापडलं. १९२९ साली त्याला नोबेल मिळालं. आमच्या आजीने ते नाव ऐकलं नव्हतं, ती पेज पाजायची. तुला उकडा आवडत नाही हे माहीत आहे. निदान साधा तांदूळ पाच-पाच पाण्यांत चोळून धुऊ नको आणि भाताचं पाणी ओतून देऊ नको.

वरण-भात साधा म्हणून त्याला नाक मुरडू नको. तांदळात लायसिन कमी, डाळीत मेथिओनिन कमी, एकत्र खाल्लं की दोघांची उणीव भरून निघते. वरचं चमचाभर तूप अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं शोषून घ्यायला मदत करतं, चमचाभर म्हणते आहे, वाटीभर नव्हे. स्निग्धाच्या एका ग्रॅममध्ये ९ किलोकॅलरी असतात, कर्बोदकं आणि प्रथिनांच्या ४. पोह्यांवर, मटकीच्या उसळीवर लिंबू पिळ, त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे लोह अंगी लागतं. लिंबू गॅस बंद केल्यावर, कारण क उष्णतेने नासतं. आणि जेवणाबरोबर चहा बंद. चहातली टॅनिनं तेच लोह धरून बसतात. तास-दीड तासाने पी हवा तर.

चावून खा, हे मी तुझ्या आईलाही सांगून थकले. अमेरिकेत १८२२ साली अलेक्सी सेंट मार्टिन नावाच्या माणसाच्या पोटात बंदुकीची गोळी लागली. तो जगला, पण जठराला बाहेरून भोक राहिलं. विल्यम बोमाँट या लष्करी डॉक्टरने रेशमाच्या दोऱ्याला अन्नाचे तुकडे बांधून आत सोडले आणि बाहेर काढून बघितले. बारीक तुकडे लवकर विरघळले. तो माणूस चिडला असला की पचन मंदावलं, हेही त्याने लिहून ठेवलं. १८३३ साली त्याचं पुस्तक आलं. तेव्हा मोबाइलवर ऑफिसची भांडणं वाचत जेवू नको. जेवणाबरोबर पाणी प्यायलं तर पाचकरस पातळ होतो म्हणतात, त्यात फारसा अर्थ नाही, तहान लागली तर पी. मात्र जेवून लगेच आडवा होऊ नको. जठर रिकामं व्हायला दोन ते चार तास लागतात आणि आडवं झालं की आम्ल घशाकडे येतं. त्यापेक्षा शतपावली घाल, रक्तातली साखर एकदम चढत नाही.

दही घरीच लाव. दूध उकळून बोट सुखाने टिकेल इतकं, चाळीस-पंचेचाळीस अंशांवर, निवव आणि मग विरजण घाल. कडकडीत दुधात घातलंस तर जिवाणू मरतात, गार दुधात घातलंस तर झोपून राहतात. पुण्यात डिसेंबरमध्ये पातेलं कणकेच्या डब्यात खोचून ठेव. कोरडं पीठ आणि त्यातली हवा उष्णता बाहेर जाऊ देत नाही. सकाळी उठल्या उठल्या काढून फ्रिजमध्ये ठेव, ऑफिसला जाऊन आल्यावर काढलंस तर आंबट होईल आणि मग कढी करायला मला फोन करशील.