सात क्रमांकाचा महामार्ग कोठे गेला?

प्रश्न : नागपूरवरून जाणाऱ्या वाराणसी–कन्याकुमारी महामार्गाला आता 44 हा क्रमांक का?

उत्तर : 2010 मधील पुनर्क्रमांकनात उत्तर-दक्षिण मार्गांना सम व पूर्व-पश्चिम मार्गांना विषम अंक देण्याचे तत्त्व स्वीकारले गेले, आणि त्यानुसार जुन्या सातव्या मार्गाचा मध्य प्रदेशातील लखनादौनपासून कन्याकुमारीपर्यंतचा भाग, श्रीनगर, दिल्ली, आग्रा, झाशी, सागर या वाटेने येणाऱ्या मार्गाशी जोडून 44 क्रमांकाचा एकच सलग महामार्ग करण्यात आला. वाराणसीकडील तुकड्यांना निराळे क्रमांक मिळाले. महाराष्ट्रात तो नागपूर, हिंगणघाट, पांढरकवडा असा जाऊन तेलंगणात आदिलाबादकडे उतरतो. सिवनी–नागपूर टप्प्यात पेंचच्या जंगलातून जाताना वन्यप्राण्यांसाठी रस्ता उंचावून खालून वाट मोकळी ठेवली आहे. ही तरतूद रस्त्याच्या रुंदीकरणाइतकीच महत्त्वाची मानावी लागेल. जुने नकाशे वापरणाऱ्यांनी क्रमांकाऐवजी गावांची नावे ताडून पाहावीत.