अखेरचा शब्द खरंच अखेरचा असतो का?

प्रश्न : अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली गर्भपाताचा हक्क मान्य केला आणि २०२२ साली त्याच न्यायालयाने तो काढून घेतला. सर्वोच्च न्यायालय म्हणजे अखेरचा शब्द, अशी आमची समजूत. मग ४९ वर्षांचा निकाल फिरला कसा? आणि आता हा नवा निकालही फिरू शकतो का? आपल्याकडे असं होईल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : नवा निकालही फिरू शकतो. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल अखेरचा असतो तो त्या खटल्यातल्या पक्षकारांसाठी आणि खालच्या न्यायालयांसाठी. खुद्द ते न्यायालय मात्र आपल्या जुन्या निकालाला कायमचं बांधलेलं नसतं. पायंडा शक्यतो मोडायचा नाही, हा संकेत आहे. राज्यघटनेत तसं कलम नाही. आणि हा संकेत मोडणं दर वेळी वाईटच, असंही नाही. १८९६ साली याच न्यायालयाने गोऱ्या-काळ्यांना वेगवेगळं ठेवणं घटनेत बसतं असं म्हटलं होतं. १९५४ साली ‘ब्राऊन’ खटल्यात शाळांपुरती ती भूमिका मोडीत निघाली, तेव्हा मध्ये ५८ वर्षं गेली होती.

आता गर्भपाताचा निकाल. ‘जेन रो’ या टोपणनावाने एका स्त्रीने टेक्ससच्या कायद्याला आव्हान दिलं. प्रतिवादी होते डॅलसचे सरकारी वकील हेन्री वेड. २२ जानेवारी १९७३ रोजी न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी ‘रो’च्या बाजूने कौल दिला. न्या. हॅरी ब्लॅकमन यांनी लिहिलेल्या या निकालाचा आधार होता चौदावी घटनादुरुस्ती. तिच्यातल्या स्वातंत्र्याच्या हमीत खासगीपणाचा हक्क येतो आणि त्या हक्कात गर्भपाताचा निर्णयही येतो, असा तो युक्तिवाद. घटनेत गर्भपाताचा उल्लेख कुठेच नाही. निकालाची दुखरी बाजू हीच होती, आणि विरोधकांनी पुढची पाच दशकं तिच्यावरच बोट ठेवलं. हक्काच्या बाजूने ठाम असलेल्या आणि पुढे याच न्यायालयाच्या न्यायमूर्ती झालेल्या रूथ बेडर गिन्सबर्ग यांनाही हा निकाल एका दमात फार पुढे गेला असं वाटे. त्याला स्त्री-पुरुष समानतेचा पाया हवा होता, असं त्या म्हणत.

१९९२ साली ‘केसी’ खटल्यात ‘रो’ पडणार अशी हवा होती. तो वाचवला रिपब्लिकन अध्यक्षांनीच नेमलेल्या तीन न्यायमूर्तींनी : ओकॉनर, केनेडी आणि सूटर. त्यांनी राज्यांना निर्बंध घालायला अधिक मोकळीक दिली, पण गर्भ बाहेर जगू शकेल त्या टप्प्याआधी बंदी घालता येणार नाही, हा गाभा राखला. कौल पाच विरुद्ध चार. म्हणजे एक न्यायमूर्ती इकडचा तिकडे झाला असता तर ‘रो’ तेव्हाच इतिहासजमा झाला असता.

विरोधकांनी यातून धडा घेतला : युक्तिवाद बदलून भागणार नाही, न्यायमूर्ती बदलायला हवेत. तिथे सर्वोच्च न्यायालयात निवृत्तीचं वय नाही. अध्यक्ष नाव सुचवतो, सिनेट मंजुरी देते आणि मग ती खुर्ची तहहयात. डोनाल्ड ट्रम्प यांनी २०१६च्या प्रचारातच, आपण नेमणुका केल्या की ‘रो’ आपोआप पडेल, असं सांगितलं होतं. पहिल्या कारकिर्दीत त्यांना तीन नेमणुका मिळाल्या : २०१७ साली गोरसच, २०१८ साली कॅव्हनॉ आणि गिन्सबर्ग यांच्या निधनानंतर ऑक्टोबर २०२० मध्ये एमी कोनी बॅरेट.

या बदलाचा परिणाम एकाच खटल्याच्या कागदपत्रांत दिसतो. मिसिसिपी राज्याने २०१८ साली पंधरा आठवड्यांनंतरच्या गर्भपातावर बंदी घातली. जून २०२० मधल्या अर्जात राज्याचं म्हणणं होतं, की ‘रो’ रद्द न करताही आमचा कायदा टिकू शकतो. पुढच्या वर्षी, बॅरेट आल्यानंतर, त्याच राज्याने त्याच खटल्यात ‘रो’ रद्दच करा अशी मागणी केली. २४ जून २०२२ रोजी ‘डॉब्स’ निकालात ती मान्य झाली. मिसिसिपीचा कायदा सहा विरुद्ध तीन मतांनी टिकला. ‘रो’ रद्द करायला मात्र पाचच मतं होती. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांच्या मते एवढं टोक गाठायची गरज नव्हती. निकाल लिहिणाऱ्या न्या. अलिटो यांचा मुद्दा असा : जो हक्क घटनेत लिहिलेला नाही, तो देशाच्या इतिहासात आणि परंपरेत खोल रुजलेला असला पाहिजे, गर्भपाताचा तसा नाही.

मग ‘डॉब्स’ कसा फिरेल? एक वाट म्हणजे न्यायालयाची रचना पुन्हा बदलणं. त्याला दशकं लागू शकतात. दुसरी घटनादुरुस्तीची. तिला काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मतं आणि पन्नासपैकी अडतीस राज्यांची संमती लागते. आजच्या अमेरिकेत ते जवळपास अशक्य. तिसरी वाट देशभरासाठी कायदा करण्याची. २०२२ साली तसं विधेयक सिनेटमध्ये अडलं. चौथी वाट मात्र चालू आहे. ‘डॉब्स’ने हा विषय राज्यांकडे सोपवला, म्हणून हक्काचे समर्थक राज्यांच्या घटनांकडे वळले. ऑगस्ट २०२२ मध्ये रिपब्लिकनांचा गड मानल्या जाणाऱ्या कॅन्ससमध्येही सुमारे ५९ टक्के मतदारांनी हक्क काढून घ्यायला नकार दिला. २०२३ साली ओहायोने तो आपल्या घटनेत लिहूनच टाकला. ‘डॉब्स’ जागेवर आहे, पण त्या राज्यांत त्याची धार बोथट झाली आहे.

आपल्याकडची मांडणी वेगळी आहे. इथे गर्भपाताला वाट संसदेने करून दिली, १९७१च्या कायद्याने. त्याआधी या विषयावर नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा. २०२१च्या दुरुस्तीने काही गटांतल्या स्त्रियांसाठी मुदत २४ आठवड्यांपर्यंत नेली, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी अविवाहित स्त्रियांनाही तिचा लाभ दिला. निकाल आपल्याकडेही फिरतात. आणीबाणीत अटकेविरुद्ध दाद मागण्याचा हक्क नाकारणारा ‘जबलपूर’ निकाल २०१७ साली रद्द ठरवताना न्या. धनंजय चंद्रचूड यांनी आपल्या वडिलांनीच उचलून धरलेलं मत खोडलं. पण इथे लहान पीठ मोठ्या पीठाचा निर्णय फिरवू शकत नाही आणि न्यायमूर्ती ६५व्या वर्षी निवृत्त होतात. त्यामुळे तीन नेमणुका साधून चित्र पालटणं अवघड.

तरी निर्धास्त राहू नये. आपल्या कायद्यात निर्णयाची किल्ली डॉक्टरच्या मताकडे आहे, आणि साधा कायदा संसद साध्या बहुमताने बदलू शकते. तो बदल जगण्याच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या मूलभूत हक्काशी जुळतो का, हे न्यायालय तपासेल एवढंच. थोडक्यात, अमेरिकेतल्या स्त्रीने न्यायमूर्ती कोण नेमतो याकडे लक्ष ठेवावं. भारतातल्या स्त्रीने संसदेत कोणतं विधेयक येतं याकडे.